वाढत्या अंगाची स्टिक घेऊ नका



बचत गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं आपल्याला पाठ झालेली असतात. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना. अलीकडे त्यात एक नवं कारण ऐकू येतं, ‘पोरीला हॉकीची स्टिक घ्यायचीय.’ हे कारण ऐकलं की मला फार बरं वाटतं. आपल्या सातारा जिल्ह्याला त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारताकडून खेळल्या. २०२३ साली जपानमध्ये भारताच्या ज्युनिअर मुलींनी पहिल्यांदाच आशिया चषक जिंकला, त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा दोघी होत्या. आता गावागावातल्या मैदानावर मुली दिसतात, आणि त्यांच्या आया दुकानात स्टिकची चौकशी करताना दिसतात.

दुकानात आपण काय विचारतो? ‘केवढ्याला?’ दुसरा प्रश्न, ‘टिकेल ना?’ तिसरा, ‘थोडं कमी करा की.’ हे तिन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पैसा घामाचा असतो. पण सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न राहून जातो, तो म्हणजे ‘किती इंची?’ आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

आपल्या घरात मुलांच्या वस्तू वाढत्या अंगाच्या घ्यायची पद्धत आहे. गणवेश घेताना दोन बोटं मोठा घ्यायचा, फ्रॉकला खाली दुमड घालायची, चपलेत पुढे कापूस कोंबायचा. दोन वर्षं निघतात. संसार असाच चालतो, त्यात काही चूक नाही. पण हीच सवय आपण स्टिकला लावतो. ‘आत्ता मोठी होत असली तरी पुढच्या वर्षी बरोबर होईल.’ मैत्रिणींनो, फ्रॉक दुमडता येतो, स्टिक दुमडता येत नाही. फ्रॉक अंगावर नुसता असतो. स्टिक हे हत्यार आहे, त्याने काम करायचं असतं. आपण खुरपायला बसतो तेव्हा दुसऱ्याचं खुरपं हातात आलं तर दोन सरीत हात भरून येतो. मूठ जरा जाड, दांडा जरा लांब, एवढाच फरक असतो. मग बारा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाच्या मापाची स्टिक घेऊन तासभर पळायचं म्हणजे काय होत असेल?

काय होतं ते सांगते. स्टिक लांब असली की मुलगी सरळ उभी राहून खेळते, कारण वाकली की दांडीचं टोक पोटात बसतं. सरळ उभी राहिली की चेंडू पायापासून लांब जातो. लांब गेलेला चेंडू कोणीही काढून नेतं. लांब स्टिक फिरवायला मनगटाला जास्त जोर लागतो, म्हणून मनगट आणि खांदा दुखतो. उलट, स्टिक फार आखूड असली तर मुलगी कमरेत जास्त वाकते. गुडघे वाकवायचे सोडून पाठ वाकवते, आणि घरी आल्यावर ‘आई, कंबर दुखतेय’ म्हणते.

आमच्याकडच्या एका गावात सातवीतली एक मुलगी अशीच खेळत होती. उंची पावणेपाच फुटांच्या आत आणि हातात मामेभावाची साडेछत्तीस इंची स्टिक. पळायला ती सगळ्यांच्या पुढे, पण चेंडू जवळ आला की गडबड. हळूहळू तिला बदली खेळाडू म्हणून बाहेर बसवायला लागले. ‘हिला जमत नाही’ असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि वाईट म्हणजे तिनेही धरलं. पुढे क्रीडाशिक्षकांनी शाळेच्या पेटीतली जुनी तेहतीस इंची स्टिक तिच्या हातात दिली. लगेच काही चमत्कार झाला नाही, पण चेंडू तिच्याजवळ राहायला लागला आणि ती रोज मैदानावर यायला लागली. मला हे महत्त्वाचं वाटतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मैदान सोडायला निमित्त पुरतं. घरातली कामं असतात, पाळी सुरू झालेली असते, लोक काय म्हणतील हे असतं. त्यात ‘हात दुखतो आणि जमतही नाही’ याची भर पडली की ती घरीच बसते. मग आपण म्हणतो, तिला आवडच नव्हती.

म्हणून माप. ते कसं घ्यायचं ते नीट ऐका. सोपं आहे. आपल्यातल्या निम्म्या जणींकडे शिलाईचा टेप आहेच.

मुलीला खेळायचे बूट घालून भिंतीला टेकून सरळ उभं करा. अनवाणी माप घेऊ नका, कारण ती खेळणार बूट घालूनच. कमरेच्या बाजूला हात लावला की हाडाचा वरचा कड लागतो. आपण कळशी घेतो ना कडेवर, ते हाड. जमिनीपासून त्या हाडापर्यंत टेपने इंच मोजा. स्टिकची लांबी साधारण तेवढी हवी. एखादा इंच इकडेतिकडे चालतो. दुकानात स्टिक हातात असेल तर आणखी सोपं. स्टिक मुलीच्या पायाजवळ उभी धरा. वरचं टोक कमरेच्या हाडाशी आलं पाहिजे. बेंबीच्या वर गेलं तर मोठी, मांडीवरच राहिलं तर आखूड.

उंचीवरूनही अंदाज येतो. चार फुटांच्या मुलीला २८ ते ३० इंची, साडेचार फुटांच्या मुलीला ३२ ते ३४ इंची, पाच फुटांच्या मुलीला ३४ ते ३५ इंची, आणि सव्वापाच फुटांच्या पुढे साडेछत्तीस इंची. मोठ्या माणसांची म्हणून जी स्टिक दुकानात सर्रास मिळते ती हीच साडेछत्तीसची. साडेसदतीस इंची स्टिकसुद्धा असते, ती चांगल्या उंच खेळाडूंसाठी. नियमाप्रमाणे स्टिक १०५ सेंटिमीटरपेक्षा लांब आणि ७३७ ग्रॅमपेक्षा जड असून चालत नाही, पण आपल्या मुलींचा त्या हद्दीशी संबंध येत नाही. उंचीचा अंदाज हा अंदाजच समजा. दोन मुली एकाच उंचीच्या असतात, पण एकीचे पाय लांब असतात, एकीचे हात. म्हणून टेप लावायचाच.

माप झालं की तीन गोष्टी करून बघायच्या. दुकानदाराला सांगा, पोरीला जरा उभं राहून बघू द्या. लाजू नका. साडी घेताना आपण दहा घड्या मोडून बघतोच की.

पहिली गोष्ट. मुलीने डावा हात दांडीच्या अगदी वरच्या टोकाला आणि उजवा हात त्याच्या बराच खाली धरायचा. गुडघे वाकवायचे, जणू खुर्चीवर बसायला निघालीय. आता खालचा आकडा जमिनीवर सपाट टेकतोय का बघा. आकड्याचं टोक हवेत उचललेलं राहत असेल तर स्टिक लांब आहे, किंवा मुलगी ताठ उभी आहे. गुडघे वाकवूनही तसंच राहिलं तर समजायचं, मापच चुकलंय.

दुसरी गोष्ट. त्याच बैठकीत चेंडू डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे खेळवायला सांगा. चेंडू नसेल तर नुसती स्टिक फिरवू द्या. हॉकीच्या स्टिकला एकच बाजू सपाट असते, दुसरी गोल असते, आणि गोल बाजूने चेंडू खेळला तर फाउल धरतात. म्हणून डावीकडे गेलेला चेंडू परत आणायला स्टिक सतत उलटीपालटी करावी लागते. ते काम डावा हात करतो. असं फिरवताना वरचं टोक पोटाला, बरगडीला किंवा हाताच्या कोपराला अडत असेल तर स्टिक मोठी आहे.

तिसरी गोष्ट वजनाची. मुलीने फक्त डाव्या हाताने वरचं टोक धरून स्टिक समोर आडवी धरायची आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. हात थरथरायला लागला तर ती स्टिक तिच्यासाठी आत्ता जड आहे. मोठ्यांच्या स्टिकमध्ये ५०० ते ५५० ग्रॅमच्या हलक्या मानतात आणि ५८० ते ६०० च्या पुढच्या जड. लहान मापाच्या स्टिक याहून हलक्या असतात. दोघींत निवडायची वेळ आली तर शिकणाऱ्या मुलीला हलकी द्या.

इथे एक प्रश्न हमखास येतो, ‘आमची पोरगी डावखुरी आहे, तिला डाव्या हाताची स्टिक मिळेल का?’ हॉकीत तशी स्टिक नसतेच. सगळ्यांची सपाट बाजू एकाच अंगाला असते, तसा नियमच आहे. पण काळजीचं कारण नाही. आत्ताच सांगितलं तसं, स्टिक फिरवायचं बारीक काम डाव्या हाताचं आहे. डावखुऱ्या मुलीचा तो हात आधीच तयार असतो. तिला उजव्या हाताला आत घालून जेवायला शिकवलं तशी जबरदस्ती इथे करायला लागत नाही.

आता खेळण्याच्या पद्धतीकडे येऊ. मुलगी वर्षभर खेळली की प्रशिक्षक तिची जागा ठरवतात. कोणी आघाडीला, कोणी मधल्या फळीत, कोणी बचावात. जागेप्रमाणे काम बदलतं, आणि कामाप्रमाणे हत्याराची लांबी. आपल्या घरातलंच बघा. खुरपं आखूड असतं कारण रोपाजवळचं तण नेमकं उपटायचं असतं. शेळीला पाला काढायची आकडी लांब असते कारण फांदीपर्यंत पोचायचं असतं. आकडीने कोणी खुरपत नाही.

आघाडीची मुलगी गर्दीत घुसते. समोर दोन-तीन जणी, जागा थोडी, चेंडू आकड्याला चिकटून ठेवायचा आणि पटकन वळवायचा. तिचं काम खुरप्याचं आहे. तिला आपल्या मापाची किंवा मापापेक्षा अर्धा-एक इंच कमी आणि हलकी स्टिक सोयीची पडते. बचावातली मुलगी समोरून येणाऱ्या खेळाडूचा चेंडू हात लांबवून अडवते आणि तो जोरात लांब मारते. तिला पोच लागते. लांब स्टिकचं खालचं टोक जास्त वेगाने फिरतं, म्हणून फटकाही जोराचा बसतो. तिला मापाची किंवा अर्धा-एक इंच जास्त आणि थोडी वजनदार स्टिक चालते. मधल्या फळीतली मुलगी दोन्हीकडे पळते, तिने आपलं बरोबर माप धरावं.

टोकियो ऑलिंपिक आठवा. २०२१ साली राणी रामपालच्या नेतृत्वाखाली आपल्या मुली चौथ्या आल्या. त्याच संघात वंदना कटारिया आघाडीला खेळत होती. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती भारताची पहिली महिला हॉकीपटू. आणि गुरजीत कौर बचावात होती. ऑस्ट्रेलियाला आपण उपांत्यपूर्व सामन्यात १-० ने हरवलं तो एकमेव गोल तिचा, पेनल्टी कॉर्नरवरचा. दोघी एकाच संघातल्या, दोघी गोल करणाऱ्या, पण एक गर्दीतून वाट काढणारी आणि एक मागे उभी राहून घाव घालणारी. म्हणून मैत्रिणीची स्टिक चांगली चालते म्हणजे आपल्या मुलीला तीच हवी असं नसतं.

मात्र एक लक्षात ठेवा. हा अर्धा-एक इंचाचा हिशेब मुलीची जागा ठरल्यावरचा आहे, आणि तोही तिच्या प्रशिक्षकांना विचारून. सुरुवातीची दोन वर्षं शरीराचं माप हेच खरं माप. पाचवी-सहावीतल्या मुलीला ‘तू बचावाला खेळणार’ म्हणून लांब स्टिक देणं म्हणजे परत वाढत्या अंगाचंच झालं.

दुकानात आणखी दोन गोष्टी कानावर पडतील. एक म्हणजे बाक. स्टिक आडवी धरून बाजूने बघितली तर ती थोडी धनुष्यासारखी वाकलेली दिसते. हा बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. काही स्टिकमध्ये तो खालच्या बाजूला, आकड्याजवळ असतो. पेनल्टी कॉर्नरला चेंडू ओढून उचलून फेकणाऱ्या खेळाडूंना तो लागतो. नवीन मुलीने सरळ फटका मारताना त्या स्टिकने चेंडू नको तेव्हा उडतो, आणि उडालेला चेंडू दुसरीच्या तोंडावर बसू शकतो. नवशिकीला साधा, मधला बाक घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन. पूर्वी स्टिक तुतीच्या लाकडाच्या असायच्या. पंजाबातलं जालंधर त्यासाठी प्रसिद्ध आहे. आता फायबर आणि कार्बनच्या येतात. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक कडक, फटका जोराचा आणि किंमतही चढी. पण कडक स्टिकवर चेंडू आदळला की उसळून लांब जातो, आणि हाताला झिणझिण्या बसतात. चेंडू थांबवायला शिकणाऱ्या मुलीला लाकडी किंवा कमी कार्बनची स्टिक जास्त सोपी जाते. म्हणजे तिच्यासाठी जी चांगली, ती स्वस्तही असते. असं फार थोड्या वस्तूंच्या बाबतीत होतं, तेव्हा त्याचा फायदा घ्या! आपली मैदानं मुरमाची. खड्यांवर महागड्या स्टिकचेही टवके उडतात.

पुण्याच्या खडकीत वाढलेले धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिकवर खेळले आणि पुढे चार ऑलिंपिक खेळले. कोणी म्हणेल, मग एवढं मापाचं कौतुक कशाला? मी म्हणते, त्यातून एवढंच शिकायचं की स्टिक महाग नसली तरी चालते. मुद्दाम चुकीच्या मापाची घ्यावी असं काही त्यातून निघत नाही.

आता खरी अडचण. मुलगी वाढते. दहा ते पंधरा या वयात एखाद्या वर्षी भराभर उंच होते. दरवर्षी नवी स्टिक कुठून आणायची? ‘लांब आहे तर वरून कापू’ असं काही जण करतात. लाकडी दांडी कापता येते, पण वरचं वजन गेलं की खालचा आकडा जड लागायला लागतो, तोल बिघडतो. फायबरची स्टिक आतून पोकळ असते, ती तर कापूच नका.

यावर आपल्याकडे उपाय आहे, आणि तो गटाचा आहे. एकेकटीने स्टिक घेण्यापेक्षा गटाने किंवा ग्रामसंघाने मिळून एक पेटी करायची. तीसपासून साडेछत्तीसपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या स्टिक त्यात ठेवायच्या. एक वही घालायची. मुलीचं नाव, स्टिकचं माप, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. गटाची वही आपण लिहितोच, तशीच ही. दर सहा महिन्यांनी, समजा शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, सगळ्या मुलींना ओळीने उभं करून टेप लावायचा. जिला स्टिक आखूड झाली ती परत करेल आणि पुढची नेईल. तिची आखूड स्टिक तिच्या मागच्या मुलीला होईल. घरात थोरलीचा फ्रॉक धाकटीला येतो, तसाच हा प्रकार, फक्त सगळ्या गावाचा. वापरायचे म्हणून थोडे पैसे दर महिन्याला घेतले तर ग्रिप बदलायला आणि मोडलेली स्टिक भरून काढायला उपयोगी पडतात.

पेटीत जुनी स्टिक घेताना बोटं फिरवून बघा. चीर गेलेली, फाटे निघालेली स्टिक घेऊ नका. ती हातालाही लागते आणि पंचही खेळू देत नाहीत. आकड्याजवळ ठोकून बघा. ठणठणीत आवाज यावा, माठासारखाच. भदभद वाजली तर आतून फुटलेली आहे. ग्रिप झिजली तर स्टिक टाकू नका, नवी ग्रिप थोडक्या पैशात बसते. ग्रिप फार जाड गुंडाळू नका, लहान मुलीच्या मुठीत दांडी पूर्ण मावली पाहिजे.

मैत्रिणींनो, हॉकी खेळणाऱ्या सगळ्याच मुली भारतासाठी खेळणार नाहीत. पण राज्य पातळीपर्यंत पोचणाऱ्या मुलीला चार गावं बघायला मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्या नियमात बसली तर तोही दरवाजा उघडतो. आणि काहीच झालं नाही तरी दहावीपर्यंत मैदानावर पळलेली मुलगी स्वतःच्या पायावर विश्वास ठेवायला शिकते. तिने मैदान सोडायचंच असेल तर स्वतःच्या मर्जीने सोडावं. स्टिक दोन इंच मोठी होती, एवढ्यासाठी सोडू नये.

येत्या रविवारी एवढंच करा. टेप काढा, मुलीला बूट घालून उभं करा, कमरेच्या हाडापर्यंत मोजा आणि तिच्या हातातल्या स्टिकशी ताडून बघा. दोन इंचांपेक्षा जास्त फरक निघाला तर पुढच्या बैठकीत विषय काढा. तिची मोठी स्टिक फुकट जाणार नाही, गावात कोणाला तरी ती आज बरोबर मापाची असेल.